छापील आधार

कोणी काहीही सांगितलं, की सर आधी मान जरा तिरपी करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कुठी छापलं हाय?"

चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, की यंदा धानाला चांगला भाव मिळणार, तरी तेच. शेजाऱ्यानं सांगितलं, की मुलीचं लग्न जमलं, तरी तेच. आणि पत्रिका हातात पडेपर्यंत ते खरोखरच त्या लग्नाचा विषय काढत नसत. एकदा माझी मुलगी बारावी पास झाली म्हणून मी त्यांच्यापुढे पेढ्यांचा डबा धरला. त्यांनी पेढा तोंडात टाकला, बोटं रुमालाला पुसली आणि विचारलं, "कुठी छापलं हाय, बाई?"

मी म्हटलं, "सर, आता निकाल छापत नाई. मोबाईलवर येते."

ते खिन्न झाले. आणखी एक पेढा मात्र घेतला.

मी ब्रह्मपुरीतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. तुमच्याही गावच्या वाचनालयात असा एखादा वाचक असेलच, जो कुलूप उघडायच्या आधी पायरीवर उभा असतो आणि सुट्टीच्या दिवशी आपल्याला शिव्या देतो. आमच्याकडचे हे. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. गाव वैनगंगेच्या अंगाला, तिथून रोज जीपमध्ये कोंबून घेऊन यायचे. शर्टाच्या खिशात भिंग असायचं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, तेवढं पुरे.

छापील अक्षराचं हे वेड त्यांना जन्मजात नव्हतं. ते लागलं एका शब्दामुळे.

आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपला, की पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, काही पेंढ्या उरतात. जुन्या काळी त्या फेकत नसत. रस्त्याकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाण्यात पाय बुडवून उभ्या ठेवत. ज्याचे पऱ्हे सडले, ज्याचे ढोरांनी खाल्ले, त्यानं त्या न विचारता उचलून न्यायच्या. मागायचं नाही, सांगायचं नाही. आणि ठेवणाऱ्यानं कोणी नेल्या हे बघायचं नाही, हा खरा नियम. त्या ठेवलेल्या पेंढ्यांना एक शब्द होता. सरांची आई जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवायला गेली, तिच्या तोंडात तो शब्द होता. "घेनाऱ्याकडे पाहू नाई, त्याले लाज वाटते," असं ती सांगायची, आणि मग तो शब्द.

तो शब्द मी इथे लिहिणार नाही. तुम्ही म्हणाल, शब्दावर लिहायला बसली आणि शब्दच गिळून बसली, ही कसली बाई! पण तशी ताकीद आहे, आणि ती का आहे हे पुढे येईलच. कधी इकडे आलात तर वाचनालयात या, तोंडी सांगेन.

तर नागपूरच्या एका मंडळानं आमच्या भागातल्या बोलीचा कोश करायला घेतला. सरांनी पोतंभर शब्द पाठवले. मंडळाची अट अशी, की जुन्या छापील पुस्तकात जो शब्द एकदा तरी सापडतो, तोच घ्यायचा. अट काही वाईट नव्हती; नाहीतर उद्या कोणीही उठून मनचे शब्द पाठवील. सरांचे बरेच शब्द त्या चाळणीतून पार झाले. आईचा तेवढा परत आला. बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं, "छापील आधार नाही."

"बाई, माही माय रोज बोलते थो शब्द, आणि हे म्हनते आधार नाई!" ते माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले. "जे बाया चिखलात उभ्या होत्या, त्याइनं पुस्तकं कवा छापली असती?"

मग ते आमच्या जुन्या खोलीत शिरले, आणि काही वर्षं बाहेरच आले नाहीत म्हटलं तरी चालेल.

ही खोली म्हणजे आमच्या वाचनालयाचं पोट. जे कोणी वाचत नाही ते सगळं तिथे. एकच खिडकी, आणि शेजाऱ्यानं तिला टेकून भिंत बांधलेली. दाराची कडी अशी, की बाहेरून लावली की आतून हलत नाही. एका दुपारी ते आत आहेत हे विसरून मी कडी घातली आणि जेवायला घरी गेले. आठवण झाली तेव्हा हातातला घास टाकून पळत आले. दार उघडलं तर हे भिंग घेऊन तसेच वाकलेले. वर बघून म्हणाले, "काऊन बाई, कुठी गेल्या होत्या का?"

काय काय नाही चाळलं त्यांनी! जुनी कीर्तनाची पुस्तकं, शेतीच्या पत्रिका, जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह, शाळेची क्रमिक पुस्तकं, औषधांच्या जाहिराती. धूळ नाकात गेली की ते ओळीनं शिंकायचे आणि बाहेर पेपर वाचणारे म्हातारे म्हणायचे, "सर आले वाटते." त्यांना पुस्तकात बैलांच्या रोगांवर पानंच्या पानं सापडली. रोवणाऱ्या बाया सापडायच्या त्या दुरून, हिरव्या शेतात रंगीत लुगडी वगैरे. त्या काय बोलतात, हे कोणी लिहिलेलं नव्हतं.

घरचे वैतागले. सून म्हणायची, बाबा घरात असले तरी घरात नसतात. मंडळानं दोनदा निरोप पाठवला, की तेवढा एक शब्द सोडा, कोश छापायला जातो आहे. ते ऐकेनात. आईचं वय झालं होतं. तिच्या डोळ्यांदेखत तो शब्द पुस्तकात यावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्या एवढ्याशापायी माणूस त्या खोलीत जिरत चालला होता. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. एकदा बोलून गेले, "सर, तुमच्या मायले कोनी विचारलं काय, की तिले कोशात जायचं हाय म्हनून?" सर दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर हजर.

आणि एक दिवस त्या खोलीतून ओरड आली. मला वाटलं साप निघाला.

गावातला एक जुना छापखाना बंद पडला होता आणि त्या घरच्यांनी उरलेसुरले गठ्ठे आमच्याकडे आणून टाकले होते. त्यात एक पातळ पुस्तिका. रोवण्याची आणि दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, गाणी. पुढची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे कोणी छापली, कधी छापली, काही कळायला मार्ग नाही. कागद पिवळा पडून पापडासारखा झालेला. शेवटच्या पानावर, खाली, चार ओळींची ओवी. त्यात तो शब्द.

सर त्या पानावर बोट ठेवून उभे होते. "छापलं हाय, बाई," ते म्हणाले. "छापलं हाय!" मीही रडले, सांगायला लाज कसली.

मंडळानं दाखला मान्य केला. कोश निघाला. शब्द, त्याचा अर्थ, खाली ती ओवी आणि 'एक जुनी गीतपुस्तिका' असा आधार. सर तो जाडजूड कोश घेऊन थेट आईकडे गेले. मीही गेले होते सोबत. म्हातारी खाटेवर बसली होती, मला बघून तिनं हात जोडले, "जयभीम, बाई." सरांनी पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिचं बोट धरून शब्दावर टेकवलं.

"एवढ्याशा शब्दाले एवढं मोठं पुस्तक?" ती म्हणाली.

"त्यात लय शब्द हायेत, माय. हा तुहा हाय."

तिनं पानावरून तळवा फिरवला. "नाव लिवलं का माहं?"

"नाई."

"बरं केलं," म्हातारी म्हणाली, "नाई तं बाकीच्या बाया म्हनतीन, इचा एकटीचाच होता का!"

पुढच्या महिन्यात आमच्याच वाचनालयात सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार, आणि भाषणं. मग शाळेतल्या एका मुलीनं ती ओवी चालीवर म्हटली. मी पहिल्या रांगेत होते. मुलगी तिसऱ्या ओळीला आली, "ओल्या बांधीत माय माझी सदैव वाकली," आणि सरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, साखर कमी झाली. मी पाणी पाठवलं. त्यांनी ग्लास घेतला आणि तसाच मांडीवर धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आले, पण जुन्या खोलीकडे गेले नाहीत. माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"बाई, कोन्ती रोवनारी बाई 'सदैव' म्हनते?"

मला कळेना.

"थे ओवी माही हाय," ते म्हणाले.

झालं होतं असं. नोकरीला लागले त्या काळात त्यांचा एका छापखानेवाल्याशी दोस्ताना होता. त्यानं जत्रेत विकायला गाण्यांची पुस्तिका काढली. तेव्हा अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची, आणि शेवटचं पान अर्धं राहिलं तर ते कोरं सोडायची रीत नव्हती; गिऱ्हाईक म्हणे, कागद फुकट घालवला. मग छापखानेवाला समोर जो दिसेल त्याला म्हणायचा, चार ओळी द्या, पान भरून टाकू. त्या दिवशी समोर हे दिसले. तरुण मास्तर, अंगात कविता. यांनी उभ्या उभ्या ओवी लिहून दिली, आईचा शब्द घातला, आणि 'सदैव'ही घातला, कारण मास्तर होते. खाली नाव नाही. पान भरलं, चहा झाला, विषय संपला.

"मले आठवलंच नाई, बाई. आनशपथ," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "का आठवाचंच नव्हतं, कोनाले मालूम."

आता माणूस कसा अडकला बघा. खरं सांगावं, तर अटीप्रमाणे शब्द कोशातून जाणार, आणि म्हातारी तर रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की माझा शब्द पुस्तकात आहे. गप्प बसावं, तर स्वतःच्याच ओवीवर स्वतः शाल पांघरून बसल्यासारखं. "धरलं तं चावते, सोडलं तं पळते," ते म्हणायचे. शाल त्यांनी पुन्हा अंगावर घेतली नाही.

सुटायची एकच वाट होती. कुठेतरी दुसरा, खरा, जुना दाखला सापडायला हवा. मग चूक सांगूनही शब्द वाचला असता. म्हणून ते पुन्हा त्या खोलीत शिरले. पण आधीचं शिरणं वेगळं होतं. तेव्हा ते शोधत होते. आता ते कोंडले गेले होते. मीही दुपारच्या वेळी त्यांच्यासोबत पानं उलटायला लागले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तेव्हा मी वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. काही मिळालं नाही.

उलट दुसरंच घडत होतं. एका प्राध्यापकानं आपल्या प्रबंधात तो शब्द घेतला, आधार कोश. एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला, आधार प्रबंध. कोणी शेतीच्या मासिकात लिहिलं, आधार पुरवणी. मी कौतुकानं कात्रण दाखवायला जायची आणि त्यांचा चेहरा बघून परत खिशात घालायची. "पाहा बाई," ते म्हणाले, "एक मी खोटा, आता माह्यामागं बारात निंगाली." तेव्हाच त्यांनी मला ताकीद दिली. "कधी माह्यावर लिहाल तं लिहा. पन थो शब्द छापू नोका. अजून एक आधार वाढंल, आणि थोही माहाच."

आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि ते म्हणाले, "आता चला नागपूरले. सांगून येतो."

त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून मी सोबत गेले. मंडळाच्या कार्यालयात संपादक उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी दिलं. फार सज्जन माणूस. सरांनी सगळं सांगितलं, छापखाना, अर्धं पान, 'सदैव', सगळं. संपादकांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "सर, ही ओवी तुमची, याला आधार काय?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पुस्तिकेवर तुमचं नाव नाही," संपादक समजावून सांगू लागले. "छापखानेवाले हयात नाहीत. उद्या आणखी कोणी येऊन म्हणेल, माझी आहे. आम्ही केवळ तोंडी माहितीवर नोंद कशी बदलायची? तुम्ही फार थकला आहात, सर. आईच्या जाण्याचा धक्का आहे. छान शब्द आहे, राहू द्या ना."

मी काही बोलणार, तर सरांनी माझ्या हातावर हात ठेवला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. उमरेड गेलं, भिवापूर गेलं. नागभीडला गाडी थांबली तेव्हा एकदम हसायला लागले. पुढच्या सीटवरची बाई वळून बघू लागली. "बाई," ते म्हणाले, "चुकलो तवा शाल देल्ली. खरं सांगाले गेलो तं पानी पाजून वापस धाडलं." हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मग डोळ्यांना रुमाल लावून ते ब्रह्मपुरीपर्यंत तसेच बसले. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं, की घरी जाऊन मी स्वयंपाक केला नाही.

त्यानंतर ते क्वचित यायचे. एका सकाळी आले, आणि कोश मागितला. तो मी टेबलावर आणून ठेवला. पान मीच काढून दिलं.

"बाई, पुस्तकात लिहू का?"

आता, पुस्तकात पेन्सिलीची रेघ ओढणाऱ्या पोरांना मी वाचनालयातून हाकलते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. वर्गात पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून सरांनीही पोरांचे कान पिळलेले. मी माझं पेन पुढे केलं. पुस्तक जाड, पान मिटायचं, म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं. ते कागदाला नाक लावून, एकेक अक्षर जोडत लिहीत होते. नोंदीच्या बाजूला, कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं, "ही ओवी जुनी नाही. मी लिहिली आहे. शब्द मात्र खरा आहे, आईचा आहे." खाली सही आणि गावाचं नाव.

"दंड घ्या," ते म्हणाले.

"घरी जा, सर," मी म्हटलं.

रोवण्याच्या दिवसांत ते गेले. वैनगंगेला पूर होता, गावाचा रस्ता पाण्याखाली, मला जाता आलं नाही. जीपवाल्यानं नंतर सांगितलं, की घरच्यांनी सगळं नीट केलं. पायरीवर सकाळी कोणी उभं नसतं आता, आणि कुलूप उघडताना मला अजून मागे वळून बघायची खोड आहे.

परवा कॉलेजची एक मुलगी आली. तिला बोलीवर प्रकल्प करायचा होता. हुशार, चटपटीत पोरगी. मी कोश काढून दिला. थोड्या वेळानं ती मोबाईल घेऊन माझ्या टेबलाशी आली. नेमकं तेच पान. शब्द, अर्थ, ओवी, आधार, सगळं स्वच्छ. कडा मात्र तिनं कापून टाकल्या होत्या.

"कोनी तरी बाजूला खरडून ठेवलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "थे काढून टाकलं. नीट आला ना आता?"

फोटो खरंच नीट आला होता. मी उठले, पुस्तक तिच्या हातून घेतलं आणि टेबलावर उघडून दाबून धरलं.

"पुन्हा काढ," मी म्हटलं. "कडेसकट काढ. आणि आधी वाच."

तिनं वाचलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचलं, या वेळी हळू. मग कडेसकट फोटो काढला. फोटोत माझा अंगठाही आला होता. ती तो कापायला लागली तेव्हा मी म्हटलं, राहू दे.